तोलण्याआधी एकदा बघा

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात दुपारच्या सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सकाळपासून आपण एकमेकांची ओळख करून घेतोय. आमच्या १९८३ च्या दहावीच्या तुकडीतून दोन डॉक्टर झाले, एक जण साखर कारखान्यात केमिस्ट होऊन निवृत्त झाला, तिघी शिक्षिका झाल्या, एक जण सैन्यातून सुभेदार होऊन परत आला. माझी पाळी आली तेव्हा सूत्रसंचालन करणाऱ्या बाईंनी माझी ओळख 'उद्योजक' अशी करून दिली. त्यांचा हेतू चांगला होता. पण आपल्याच शाळेत खोटं कशाला बोलायचं? माझं भंगाराचं दुकान आहे. इंदापूरच्या बाहेर रस्त्याला, पत्र्याची शेड, पुढे तोलकाटा. इथे बसलेल्यांपैकी निम्म्यांनी तरी घर बांधताना नाहीतर वाटणीच्या वेळी जुनं सामान माझ्याकडे पाठवलेलं आहे. तुम्ही मला लग्नाला विसरता, पण माळा साफ करायचा झाला की बरोबर फोन करता. (हशा.) हसा, हसा. त्यावरच माझं घर चाललंय.

संयोजकांनी मला सांगितलं, "तू चित्रं काढतोस ना, त्यावर बोल." चित्रकलेवर बोलायला मी काही चित्रकार नाही. पण गेली बारा वर्षं मी एक काम नेमानं करतो. दुकानात आलेली एखादी वस्तू भट्टीकडे जाण्याआधी समोर ठेवतो आणि तिचं चित्र काढतो. ते का सुरू झालं, एवढंच आज सांगणार आहे. सुरुवात याच शाळेत आहे.

तुम्हाला आपले चित्रकलेचे सर आठवत असतील. आज ते आपल्यात नाहीत. शनिवारी सकाळच्या शाळेत शेवटचे दोन तास चित्रकलेचे असायचे. एलिमेंटरीच्या परीक्षेला वस्तुचित्र असतं, त्याची तयारी म्हणून सरांनी सांगितलं, "पुढच्या शनिवारी प्रत्येकानं घरातली एक वस्तू आणायची."

मी आठवीत होतो. आमच्या घरात आणण्यासारखं काय होतं? चुलीवर काळं झालेलं जर्मनचं पातेलं, रॉकेलचा डबा, कान तुटलेली एक कपबशी. पुस्तकातल्या चित्रांत फुलदाणी, सुरई, द्राक्षं असायची. आमच्याकडे द्राक्षं नुसती बाजारात बघायची. मग मी शेजारच्या तलाठी भाऊसाहेबांकडे गेलो आणि त्यांच्या शोकेसमधली काचेची फुलदाणी मागून आणली. घरातलीच आहे, असं वर्गात सांगितलं.

सरांनी ती हातात घेतली, उजेडात धरली, "छान आहे, जपून घरी ने," म्हणाले आणि कपाटात ठेवून दिली. काही बोलले नाहीत. मधल्या सुट्टीत त्यांनी शिपाईमामांना खिचडी शिजायची तिथलं पातेलं आणायला सांगितलं. बूड काळं, कडेला दोन पोचे, एका बाजूनं कान वाकलेला. हुबेहूब आमच्या घरातलं. ते टेबलावर मधोमध ठेवलं, शेजारी एक फुटका कंदील आणि दोन कांदे. म्हणाले, "पहिली दहा मिनिटं पेन्सिल खाली. नुसतं बघायचं."

दहा मिनिटं काळ्या पातेल्याकडे बघायचं म्हणजे आठवीच्या पोरांना शिक्षाच. आम्ही कोपरानं एकमेकांना ढोसत होतो. मग सर माझ्या बाकापाशी आले. मी तोवर चोरून पातेल्याचं तोंड काढून टाकलं होतं. चांगला गोल गरगरीत रुपया.

सर म्हणाले, "पातेल्याचं तोंड गोल आहे हे तुला माहीत आहे. पण तुला इथून ते गोल दिसतंय का?"

मी बघितलं. खरंच दिसत नव्हतं. लांबट दिसत होतं, चपटं. उभा राहिलो तर जरा फुगलं, खाली बसून डोळे पातेल्याच्या काठाच्या पातळीला आणले तर नुसती रेघ झाली. सरांनी एक डोळा मिटून, हात ताठ धरून, पेन्सिलीवर अंगठ्यानं माप घ्यायला शिकवलं. रुंदी किती, त्यात उंची किती वेळा बसते. मग म्हणाले, "आता काळं बूड बघ. किती काळं आहे?" मी म्हटलं, "काळं म्हणजे काळंच की सर." ते म्हणाले, "खिडकीच्या बाजूला बघ, निळं नाही का दिसत? आणि खाली, टेबलाच्या फळीचा उजेड परत वर पडलाय, तिथं तांबूस नाही का?"

होतं. आई रोज राखेनं घासायची आणि रोज काळं व्हायचं ते बूड. त्यात निळा होता, तांबडा होता, एका ठिकाणी मोरपिसासारखी झाकही होती. मला त्या दिवशी काय वाटलं ते नीट सांगता येणार नाही. एवढं खरं, की घरी गेल्यावर मी फुलदाणी परत केली आणि चुलीपुढं बसून आमच्या पातेल्याकडे बघत राहिलो. आई म्हणाली, "भूक लागली का रं?"

सरांना फुलदाणीचं खोटं कळलं होतं, याची मला आजही खात्री आहे. त्यांनी ते वर्गात उघडं केलं नाही. माझ्या घरातलीच वस्तू टेबलावर आणून ठेवली, बस्स.

पुढे एलिमेंटरी झालो, इंटरमिजिएट झालो. दोन्हीला 'बी' ग्रेड. सर म्हणाले होते, पुण्याला अभिनव कला महाविद्यालयात जा, नाहीतर मुंबईला जे. जे. मध्ये. जे. जे. ही १८५७ सालची संस्था, तिथं गेलास तर वेगळंच जग दिसेल, असं ते डोळे चमकवून सांगायचे. पण घरी खाणारी सात तोंडं होती आणि वडिलांना दमा. दहावीनंतर मी मामाच्या हाताखाली भंगाराच्या दुकानात लागलो. कुणावर राग नाही. त्या धंद्यानं दोन बहिणींची लग्नं केली, पोरं शिकवली.

हा धंदा तुम्हाला थोडा सांगतो, म्हणजे पुढचं कळेल.

आमच्याकडे वस्तू येते तेव्हा तिचं नाव जातं. घागर, बंब, घंगाळ, तांब्या, समई हे सगळं आमच्या लेखी 'पितळ' नाहीतर 'तांबं'. नांगराचा फाळ, कुदळ, खाट, सायकल हे 'लोखंड'. शिलाई मशीनचा पाय आणि उसाच्या जुन्या चरकाचं अंग म्हणजे 'बीड'. चुंबक लावायचं, चिकटलं तर लोखंड. शंका आली तर कानस मारायची, आतला रंग बघायचा. पितळेत कुठं लोखंडी कडी असेल तर हातोड्यानं तोडून वेगळी काढायची, कारण तिचा भाव वेगळा. मग तोलायचं, दिवसाच्या भावानं पैसे द्यायचे आणि ढिगात टाकायचं. गाडी भरली की लोखंड जालन्याच्या भट्ट्यांकडे, पितळ मोठ्या व्यापाऱ्यामार्फत थेट जामनगरपर्यंत जातं. तिथं त्याचे नळ, स्क्रू, विजेच्या बटणातले तुकडे होतात. आपल्या भाषेत 'मोडीत काढणे' हा शब्द आहे ना, तो या व्यवहारातलाच. मोड म्हणजे मोडकी भांडी.

मला त्यात फार तयारी आली. डोळे मिटून हातात दिलं तरी वजन सांगायचो, पन्नास ग्रॅमच्या आत. मामा कौतुकानं म्हणायचा, "याच्या हातातच काटा आहे." जवळजवळ तीस वर्षं मी असा हात चालवला. चित्राचा कागद त्या तीस वर्षांत एकदाही समोर घेतला नाही. वेळ नव्हता हे खरं, पण आठवणही आली नाही हे त्याहून खरं.

आता जी गोष्ट सांगतो, ती ज्याची आहे तो इथंच बसलाय. त्याला विचारूनच सांगतोय. नाव सांगणार नाही, तुम्हीही मागं वळून बघू नका.

२०१३ चा उन्हाळा. उजनी धरणातला उपयुक्त साठा संपून पाणी उणे पातळीत गेलं होतं, ते वर्ष. वरच्या अंगाला पळसदेवचं पाण्यात गेलेलं देऊळ उघडं पडलं आणि लोक ते बघायला जात होते. आपल्या संगमावर नीरा आणि भीमा दोन्ही कोरड्या. ज्या वाळूच्या मूर्तीला आपण देव मानतो, ती प्रल्हादानं इथल्याच वाळूची केली अशी आपली श्रद्धा. त्या उन्हाळ्यात पात्रात वाळूशिवाय काही उरलंच नव्हतं. जनावरं छावणीत होती. त्या दिवसांत माझ्या दुकानात गर्दी असायची. दुष्काळात भंगारवाल्याचा धंदा वाढतो, हे लाजिरवाणं आहे, पण खरं आहे.

आमचा हा वर्गमित्र एक दिवस पोतं घेऊन आला. त्याची आई दवाखान्यात होती. पोत्यात घरातली पितळी भांडी. एक घंगाळ, दोन तपेली, परात, आणि एक कळशी. तो म्हणाला, "बघ किती होतात." मी चहा मागवला, आईची चौकशी केली, भांडी तोलली, भाव लावला. त्या दिवशीच्या भावापेक्षा चार पैसे जास्तच दिले. मित्रच होता. मी काही चुकीचं केलं नाही. ढिगात टाकलं आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळलो.

त्याची आई त्या दुखण्यातून उठली नाही.

वर्षश्राद्धाला त्याची बहीण आली होती. घर, जमीन, कशावरही तिनं हक्क सांगितला नाही. भावाला म्हणाली, "मला काही नको, आईची कळशी तेवढी दे." तिची आई त्या कळशीनं नदीवरून पाणी आणायची आणि ही परकराचा सोगा धरून मागं मागं जायची.

तो दुसऱ्या दिवशी माझ्याकडे आला. कळशी कधीच गेली होती. ती वितळून नळ झाली असेल नाहीतर स्क्रू. हे त्यालाही माहीत होतं. थोडा वेळ बसला, मग म्हणाला, "तू शाळेत चित्र चांगलं काढायचास. मला तिचं चित्र काढून दे. बहिणीला देतो."

मी कागद घेतला. हिशेबाच्या वहीचं पान. पेन्सिल धरली आणि, मित्रांनो, माझा हात थांबला. कळशी कशी असते ते मला येत होतं. गळा अरुंद, पोट मोठं, काठ बाहेर वळलेला. तशा हजार मी तोडल्यात. पण ती कळशी कशी होती? मला आठवेना. तो सांगू लागला, "पोटाला पोचा होता, कमरेला टेकायची त्या बाजूला. गळ्याखाली बारीक ओरखडे होते, आईच्या बांगड्यांचे. हात तिथंच असायचा ना तिचा. काठावर नाव होतं. मामानं लग्नात दिलेली, तारीखसुद्धा होती. तू वाचलं नाहीस का?"

मी वाचलं नव्हतं. तो म्हणाला, "काहीच आठवत नाही?"

मला एक गोष्ट आठवत होती, पण ती त्याला सांगितली नाही. आज पहिल्यांदा सांगतोय. तीन किलो सातशे ग्रॅम.

आपल्याला परीक्षेच्या पेपरांत हे दोन असायचे. वस्तू समोर ठेवून काढायचं ते वस्तुचित्र आणि आठवून काढायचं ते स्मरणचित्र. सर म्हणायचे, ज्यानं पहिलं नीट केलं नाही त्याला दुसरं येत नाही. त्याचा अर्थ मला सत्तेचाळिसाव्या वर्षी कळला. मी त्याला एक चित्र काढून दिलं. तो म्हणाला, "चांगलं आहे." कळशीचं होतं ते, त्याच्या आईच्या कळशीचं नव्हतं. आम्हा दोघांनाही ते माहीत होतं.

त्या आठवड्यात मी इंदापूरच्या दुकानातून कॅम्लिनची वॉटरकलरची पेटी आणि दोन ब्रश आणले. दुकान बंद झालं की ढिगातली एक वस्तू उचलायची, पत्र्याच्या पिंपावर ठेवायची, बाजूनं दिवा लावायचा. आधी दहा मिनिटं नुसतं बघायचं. पहिली चित्रं अगदी वाईट झाली. घमेलं काढलं तर पोळपाट वाटायचं. हळूहळू हात वळला. पण हात वळण्याआधी काय काय दिसायला लागलं, ते तुम्हाला सांगायचंय.

गंज हा एक रंग नाही. ताजा गंज नारिंगी असतो, जुना काळपट जांभळा. मध्ये बर्न्ट सिएना आणि यलो ऑकरच्या पंधरा पायऱ्या असतात. पावसाचा थेंब जिथून रोज ओघळतो तिथं गंजाची रेघ वेगळी असते, त्यावरून ती वस्तू कोणत्या बाजूनं उभी होती ते कळतं. डालड्याच्या जुन्या डब्याचा पत्रा आतून अजून पांढरा असतो. तांब्याचा हिरवा गंज पाण्यात मिसळलेल्या हळदी-कुंकवाजवळ ठेवला तर कुठलाही चित्रकार हेवा करील.

पण रंगापेक्षा मला जास्त गुंतवलं ते झिजीनं. वस्तू एकसारखी कधीच झिजत नाही. पोळपाट मधोमध खोल होतो. कुदळीचा दांडा दोन ठिकाणी गुळगुळीत होतो, जिथं दोन हात असतात तिथं, आणि त्या दोन जागांमधलं अंतर मोजलं तर माणूस केवढा होता त्याचा अंदाज येतो. एकदा एक लोखंडी उलथणं आलं. उलथण्याची पुढची धार एका कोपऱ्याला झिजते, कारण आपण ते तिरकं धरून तव्यावर घासतो. बहुतेक सगळी एकाच कोपऱ्याला झिजलेली असतात. हे दुसऱ्या कोपऱ्याला झिजलं होतं. चित्र काढताना अर्धा तास मला वाटत होतं, माझंच काहीतरी उलटं होतंय. मग उजेड पडला. ती बाई डावखुरी होती. कोण होती, कुठली होती, मला ठाऊक नाही. पण चाळीस वर्षं डाव्या हातानं भाकरी उलथणारी एक बाई त्या रात्री माझ्या शेडमध्ये बसून गेली.

हे काही माझं नवं शहाणपण नाही. पुण्याला गेलात तर शुक्रवार पेठेतलं राजा दिनकर केळकर संग्रहालय अवश्य बघा. दिनकर केळकर हे 'अज्ञातवासी' या नावानं कविता करणारे गृहस्थ. त्यांनी गावोगाव फिरून लोकांच्या घरातले दिवे, अडकित्ते, दौती, भांडी, दरवाजे गोळा केले. वीस हजारांच्या आसपास वस्तू आहेत. लहानपणीच गेलेल्या आपल्या मुलाचं, राजाचं, नाव त्यांनी संग्रहालयाला दिलं. सुपारी कातरायच्या अडकित्त्यांचं मी तिथं एक कपाट बघितलं आणि अर्धा तास हललो नाही. मला सारखं वाटत होतं, यातले कितीतरी माझ्या हातून गेले असतील, आणि मी ते फक्त पितळ म्हणून बघितले.

माझ्या मुलीनं फोनवर मला एक चित्र दाखवलं. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. शार्दां नावाच्या चित्रकारानं १७३४ च्या सुमारास काढलेलं. काय आहे त्यात? पाणी साठवायचं तांब्याचं पिंप. खाली तोटी, शेजारी बादली. बस्स. राजा नाही, देव नाही, अप्सरा नाही. आपल्या आजीच्या न्हाणीघरात तांब्याचा बंब असायचा, त्याचाच तो भाऊ शोभावा. त्या माणसानं ते पिंप अशा मायेनं रंगवलंय की तांब्यावर हात फिरवावासा वाटतो. आणि आपल्याकडचं सांगायचं तर अलिबागजवळच्या नागावचे प्रभाकर बरवे. घड्याळ, पान, फळ अशा रोजच्या वस्तू घेऊन त्यांनी जगभर नाव होईल अशी चित्रं केली, आणि वस्तूकडे कसं बघावं यावर 'कोरा कॅनव्हास' नावाचं पुस्तक मराठीत लिहिलं. मला त्यातलं सगळं समजलं असं म्हणणार नाही. पण वाचताना आपले सर आठवले.

आता एक गैरसमज होऊ नये म्हणून सांगतो. सगळं जुनं जपून ठेवा, असं मी म्हणत नाही. तसं झालं तर माझं दुकान बंद पडेल. (हशा.) आणि धातू वितळून परत कामाला येतो, ही चांगलीच गोष्ट आहे. जमिनीतून नवा काढण्यापेक्षा ते बरं. दुसरं म्हणजे, गरिबीचं कौतुकही मला करायचं नाही. पातेल्याच्या बुडाला मोरपिशी झाक होती हे खरं, पण ते बूड काळं करणाऱ्या धुरानं माझ्या आईचे डोळे गेले हेही खरं. घरी गॅस आल्यावर एक म्हातारी स्वतः चुलीची लोखंडी सळई घेऊन आली होती. म्हणाली, "घे बाबा, परत तोंड बघायला नको हिचं." तिचं चित्र काढायचं माझ्या मनात आलं, तर ती हसून म्हणाली, "हिचं काय चित्र काढतोस, माझं काढ." बरोबर बोलली. त्या दिवशी मी तिचं काढलं.

म्हणून माझं म्हणणं फार लहान आहे. वस्तू जाऊ द्या. जाण्याआधी एक तास तिच्यासमोर बसा. हातात पेन्सिल असेल तर बरं, कारण पेन्सिल नसली की डोळा लगेच उठून दुसरीकडे जातो. चित्र चांगलं येण्याची गरज नाही. माझ्याकडे आता साडेतीनशेच्या वर चित्रं आहेत, त्यातली वीस-पंचवीस बरी असतील. पण त्या साडेतीनशे वस्तूंपैकी कुठलीही तुम्ही मला विचारा, तिचा पोचा कुठल्या बाजूला होता ते मी डोळे मिटून सांगेन. वजन मात्र आता पटकन आठवत नाही.

आता शेवटचा मुद्दा, आणि तो शाळा समितीसाठी आहे.

तुम्हाला माहीत आहे की या मेळाव्याच्या देणगीतून नव्या खोल्या बांधायच्या ठरल्यात आणि त्यासाठी मागची जुनी स्टोअर रूम पाडायची आहे. समितीनं आतल्या सामानाचा भाव माझ्याकडे मागितलाय. मी गेल्या आठवड्यात जाऊन बघून आलो. सवयीनं आत शिरता शिरताच अंदाज बांधला, इतकं लोखंड, इतकं लाकूड. मग दारात उभा राहिलो आणि दहा मिनिटं नुसतं बघितलं.

तीन पायांचा लाकडी फळा आहे. त्याचा काळा रंग मधोमध उडालाय, कडेनं शाबूत आहे, कारण गुरुजी मध्येच लिहायचे. भूमितीचा मोठा लाकडी कंपास आहे, त्याच्या एका पायाला खडू बांधायचा दोरा अजून आहे. पृथ्वीचा गोल आहे, त्यावरचा भारत बोटं लावून लावून पांढरा पडलाय. बाकी जग जसंच्या तसं आहे. प्रयोगशाळेतला तराजू आहे, एक पारडं हरवलेलं. लोखंडी खुर्च्या आहेत. ते खिचडीचं पातेलं आहे, हो, तेच, कान वाकलेलं. आणि कोपऱ्यात, जाळ्यांत, रेल्वेच्या रुळाचा तो तुकडा आहे, ज्यावर शिपाईमामा टोल द्यायचे. त्याच्या खालच्या अंगाला टोल बसून बसून एक खळगा पडलाय. बोट घालून बघा, पूर्ण बसतं.

माझी समितीला विनंती आहे. मला ते सामान लगेच देऊ नका. एक महिना थांबा. आठवी-नववीच्या मुलांना चित्रकलेच्या तासाला त्या खोलीत बसवा. प्रत्येक मुलाला एक वस्तू द्या. पहिली दहा मिनिटं पेन्सिल खाली. कागद आणि रंग मी पुरवीन. सरांची आठवण म्हणून म्हणा, किंवा माझं एक जुनं देणं फिटतंय असं म्हणा. ज्या मुलाला आपल्या घरातली वस्तू वर्गात आणायची लाज वाटत असेल, असं एखादं पोर आजही त्या वर्गात असेलच. पातेलं त्याच्यापुढं ठेवा.

महिन्यानंतर मी तोलकाटा घेऊन येईन आणि त्या दिवसाचा जो भाव असेल तो चोख देईन. फक्त रुळाच्या तुकड्याचा भाव मी लावलेला नाही. तो तोलायला माझा हात होणार नाही, तो नव्या इमारतीच्या व्हरांड्यात टांगा. आणि मित्रा, तू मागं बसलायस तो, तुझ्या बहिणीला एकदा घेऊन ये. तिला कळशी कुठं कशी होती ते जास्त आठवत असेल. ती सांगेल तसं मी परत काढून बघतो.

 

— १९८३ च्या दहावीच्या तुकडीतील एक माजी विद्यार्थी